अक्षरांच्या चाळणींतून शब्द

इंग्रजी भाषेंतील असा शब्द सांगावयाचा कीं, ज्यांत जे, ए, एल आणि एन हीं चार अक्षरें आलींच पाहिजेत. क्रम कोणताहि चालेल, मध्यें दुसरीं अक्षरें आलीं तरी हरकत नाहीं. हें कोडें एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत चहाच्या वेळीं घातलें, तर बहुधा पांच मिनिटांच्या आंत कोणीतरी 'जर्नल' हा शब्द पुढें करील. त्याच्या पाठोपाठ 'जॅव्हेलिन', म्हणजे फेंकावयाचा भाला, येईल. आतां कोडें घालणाऱ्यानें अट थोडी कडक करावी : ए हें अक्षर एकदां नव्हे, दोनदां आलें पाहिजे. लगेच 'जर्नल' बाद होतो आणि 'जॅव्हेलिन'हि बाद होतो. कारण दोहोंतहि ए एकेकदांच आहे. मंडळी विचारांत पडतात. हीं पांच अक्षरें जे, ए, एल, एन, ए अशीं ओळीनें मांडलीं म्हणजे मराठवाड्यांतील एका जिल्ह्याचें नांव तयार होतें. तो जिल्हा म्हणजे जालना.

या कोड्याला उत्तरें आहेत, आणि तीं मोठीं मौजेचीं आहेत. इमारतीची झाडलोट व राखण करणाऱ्या नोकरासंबंधींचें विशेषण 'जॅनिटोरियल' : त्यांत जे आहे, एन आहे, एल आहे आणि ए दोनदां आहे. व्याकरणांत धातूंच्या रूपावलीसंबंधीं योजिला जाणारा 'कॉन्ज्युगेशनल' हा शब्दहि कसोटीस उतरतो. स्कॉटलंडच्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाच्या दप्तराला 'बुक्स ऑफ अ‍ॅडजर्नल' म्हणतात. त्यांतील 'अ‍ॅडजर्नल' हा शब्द नुसत्या 'जर्नल'च्या आरंभीं ए आणि डी हीं दोन अक्षरें लागून झालेला दिसतो, आणि तेवढ्यानेंच तो परीक्षेंत उत्तीर्ण होतो. चौथें उत्तर अलीकडे शहरांतील मुलांच्या तोंडीं नित्य असतें : 'हालापेन्यो' ही मेक्सिको देशची जाड सालीची मिरची. उच्चारांत ह आला तरी लिहितांना तिचा आरंभ जे या अक्षरानेंच होतो, आणि पहिलीं चार अक्षरें जे, ए, एल, ए अशीं आहेत. मात्र नेमकीं हींच पांच अक्षरें फिरवून दुसरा रूढ इंग्रजी शब्द होत नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत यावी. 'जर्नल' हें उत्तर बरोबर कीं चूक, हें शब्दावर अवलंबून नाहीं. प्रश्न कसा विचारला यावर अवलंबून आहे. कोणकोणतीं अक्षरें हवीत एवढेंच विचारलें तर तें बरोबर. प्रत्येक अक्षर किती वेळां हवें हेंहि विचारलें तर तें चूक. हालापेन्योंतील एन या अक्षरावर स्पॅनिश लिपींत नागमोडी रेघ असते, आणि स्पॅनिश वर्णमालेंत तें रेघवालें अक्षर स्वतंत्र मानतात. तेव्हां स्पॅनिश मनुष्य म्हणेल, या शब्दांत एन नाहींच. इंग्रज म्हणेल, आहे. दोघेहि आपापल्या जागीं खरे. शोध घेण्यापूर्वीं 'अक्षर म्हणजे काय' आणि 'तेंच अक्षर म्हणजे काय' या दोन गोष्टींचा निर्णय करावा लागतो, हा या विषयांतील पहिला धडा होय.

दुसरा धडा शोधाच्या रीतीचा. कोश हा शब्दांचा खजिना खरा, पण त्याला दार एकच, आणि तें पहिल्या अक्षराचें. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति आली. दाते, कर्वे प्रभृति संपादकांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळांत खंडशः प्रसिद्ध झाला. या सर्वांची मांडणी आद्याक्षरांच्या क्रमानें. ज्याला शब्दाचें तोंड ठाऊक आहे त्याला ते क्षणांत उत्तर देतात. ज्याला शब्दाचें पोट किंवा शेंपूट तेवढें ठाऊक आहे, त्याला ते कांहींच सांगूं शकत नाहींत. शेंपटाची सोय इंग्रजींत जॉन वॉकर यानें १७७५ सालीं केली. त्यानें शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे वाचून त्या क्रमानें लावले. कवींना यमकें जुळविण्यास तो कोश उपयोगीं पडला आणि त्याच्या आवृत्त्या पुढें दीर्घकाळ निघत राहिल्या.

अक्षरें तींच पण क्रम निराळा, असे शब्द हवे असल्यास तिसरी युक्ति आहे. प्रत्येक शब्दाचीं अक्षरें वर्णानुक्रमानें लावावयाचीं आणि त्या लावलेल्या रूपाखालीं शब्द नोंदवावयाचा. 'लिसन' म्हणजे ऐकणें, 'सायलेंट' म्हणजे निःशब्द, 'एनलिस्ट' म्हणजे भरती करणें, 'टिन्सेल' म्हणजे चमकी : या चारहि शब्दांचीं अक्षरें क्रमानें लावलीं कीं ई, आय, एल, एन, एस, टी अशी एकच किल्ली मिळते. किल्ली एक, म्हणून चौघे एकाच कप्प्यांत सांपडतात.

परंतु 'अमुक अक्षरें असलींच पाहिजेत, बाकीचीं कोणतींहि असोत' या प्रश्नाला हीहि युक्ति पुरत नाहीं. सव्वीस अक्षरांतून निरनिराळे संच किती होतात याचा हिशेब केला तर रिकामा संच धरून ६,७१,०८,८६४ ही संख्या येते. पावणेसात कोटींच्या घरांत कप्पे करून ठेवणारा कोश कोणी छापणार नाहीं. म्हणून येथें कप्पे सोडून चाळणी हातीं घ्यावी लागते. अशी कल्पना करावी कीं प्रत्येक शब्दासाठीं एक कार्ड आहे आणि त्यावर सव्वीस घरें आखलीं आहेत. शब्दांत जें अक्षर असेल त्याच्या घराला भोंक पाडावयाचें. मग जे, ए, एल आणि एन या घरांतून चार सुया आरपार घालावयाच्या. ज्या कार्डांतून चारहि सुया जातील तेवढींच राहतील, बाकीचीं गळून पडतील. आजचें संगणकयंत्र शब्दांच्या यादीवर मूलतः हेंच काम करतें. भोकाच्या जागीं एक आणि कोऱ्या जागीं शून्य, एवढाच भेद.

हातानें शोध करणाऱ्यानें आणखी एक नियम पाळावा : सर्वांत दुर्मिळ अक्षराची सुई प्रथम. इंग्रजींत ई हें अक्षर सर्वांत अधिक वेळां येतें. जे, क्यू, एक्स, झेड हीं क्वचित् येतात. तारायंत्राच्या मोर्स लिपींत ई ला एकच ठिपका दिला आहे आणि जे ला एक ठिपका व तीन रेघा, त्याचें कारण हेंच. अमेरिकन वास्तुशिल्पी आल्फ्रेड बट्स यानें वर्तमानपत्रांतील अक्षरें मोजून एक शब्दखेळ बसविला; तो १९४८ सालापासून 'स्क्रॅबल' या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांतील शंभर सोंगट्यांत ई च्या बारा आहेत, जे ची एकच. ई चा एक गुण, जे चे आठ. तेव्हां जालन्याच्या अक्षरांचा शोध ए पासून आरंभिला तर ढीग फारसा कमी होत नाहीं. जे पासून आरंभिला तर पहिल्याच फेरींत ओंजळभर शब्द उरतात. उत्तर दोहोंकडून तेंच येतें, श्रम मात्र वांचतात.

येथपर्यंत हा बुद्धीचा विरंगुळा झाला. त्याला गंभीर बाजूहि आहे. शोध करणाऱ्याला दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात : 'आहे' आणि 'नाहीं'. 'आहे' हें उत्तर पडताळून पाहतां येतें, कारण वस्तु समोर असते. 'नाहीं' हें उत्तर पडताळावयाचें कसें? आजोबांची नोंद दप्तरांत नाहीं, गांवाचा उल्लेख पत्रव्यवहारांत नाहीं, असें यंत्रानें किंवा कारकुनानें सांगितलें कीं मनुष्य परत फिरतो. वस्तुतः नोंद तेथें असते; शोधणाऱ्यानें जीं अक्षरें धरलीं, त्या अक्षरांनीं ती लिहिलेली नसते, इतकेंच.

जालन्याचेंच उदाहरण घ्यावें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर जनरल वेलस्लीनें शिंदे व भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. तें असई गांव आज जालना जिल्ह्यांत आहे. पुढें जालना ही हैदराबाद संस्थानांतील इंग्रजी छावणीची जागा झाली. त्या काळच्या इंग्रजी पत्रांत आणि नकाशांत हें नांव आजच्या पांच अक्षरांनींच लिहिलेलें असतें असें नाहीं. कोठें ए च्या पुढें यू घातलेला आहे, कोठें शेवटीं एच जोडलेला आहे, कोठें दोन्ही आहेत. आजचें वर्णलेखन हुबेहूब धरून शोधणाऱ्याला यांतील निम्मे कागद दिसणार नाहींत. उलट, ज्यानें 'जे, एल, एन आणि दोन ए ज्यांत आहेत असे सर्व शब्द' असा प्रश्न केला, त्याच्या हातीं हीं सारीं रूपें एकदम येतात. कारण यू आणि एच हीं अक्षरें वाढलीं तरी मूळचीं पांच कोठें जात नाहींत. चहाच्या वेळचें कोडें असें दप्तरखान्यांत उपयोगी पडतें.

त्याच शोधांत एक भलतेंच पुस्तक हातीं लागेल, तेंहि ठाऊक असलेलें बरें. १९२७ सालीं मॅझो द ला रोश या कॅनेडियन लेखिकेची 'जालना' याच नांवाची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिच्या मागून त्याच घराण्याच्या कथांची मोठी माला निघाली. कथेंतील कुटुंबाचा मूळ पुरुष हिंदुस्थानांत लष्करी अधिकारी होता; जालन्याच्या छावणीच्या आठवणीनें त्यानें कॅनडांतील आपल्या वाड्यास तें नांव दिलें, अशी योजना आहे. त्यामुळें इंग्रजी ग्रंथालयांच्या सूचींत 'जालना' म्हणून विचारणाऱ्यास मराठवाड्यापूर्वीं कॅनडा भेटतो. चाळणींतून धान्याबरोबर खडेहि येतात. ते डोळ्यांनीं वेचावे लागतात. परंतु खडा वेचून टाकतां येतो, आणि गळून गेलेला दाणा मात्र कधींच दिसत नाहीं. म्हणून जुन्या कागदांच्या शोधांत चाळणी थोडी सैल ठेवावी हेंच शहाणपणाचें.

आतां हीच रीत मराठीला लावून पाहिली म्हणजे खरी अडचण समजते. 'जालना' या मराठी शब्दांत अक्षरें किती? शाळेंतील मुलगा म्हणेल, तीन : जा, ल, ना. व्याकरणकार म्हणेल, सहा : ज्, आ, ल्, अ, न्, आ. संगणकाच्या सर्वमान्य लेखनपद्धतींत, म्हणजे १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्यें, तीं पांच भरतात : ज, काना, ल, न, काना. ल मधील अ ला तेथें निराळें चिन्ह नसतें. एकाच नांवाचे असे तीन हिशेब आहेत आणि तिन्ही आपापल्या परीनें शुद्ध आहेत. इंग्रजींत अक्षर म्हणजे कागदावरील एक खूण. मराठींत अक्षर म्हणजे मुखांतून एका आघातानें निघणारा उच्चार. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी ४०८ अक्षरें होतात, आणि जोडाक्षरें त्याहून निराळीं. सव्वीस घरांचें कार्ड येथें कामाचें नाहीं.

या तीन हिशेबांनीं उत्तरें बदलतात, हें एका साध्या शब्दावरून दिसेल. 'भोजनालय' या शब्दांत ज, न आणि ल हीं तिन्ही व्यंजनें आहेत. तरी त्यांत जालन्याचीं अक्षरें आहेत असें म्हणतां येत नाहीं. कारण जालन्याला आ दोनदां हवा, आणि भोजनालयांत तो एकदांच आहे. आतां 'भोजनालयास' असें म्हटलें कीं दुसरा आ मिळतो. यंत्राच्या हिशेबानें आणि व्याकरणाच्या हिशेबानें हा शब्द उत्तीर्ण. परंतु शाळेंतील मुलाच्या हिशेबानें तो नापासच. कारण त्यांत ना आहे, ल आहे, पण जा नाहीं. प्रश्न एक, शब्द एक, आणि निकाल दोन.

याहूनहि मोठा घोंटाळा विभक्तीनें होतो. इंग्रजी वाक्यांत गांवाचें नांव कोठेंहि आलें तरी त्याचें मूळ रूप मोडत नाहीं. पुढेंमागें एखादा स्वतंत्र शब्द येतो, इतकेंच. मराठींत तसें नाहीं. मनुष्य जालन्यास जातो, जालन्याहून येतो, जालन्यांत राहतो आणि जालनेकर म्हणून ओळखला जातो. या चारहि रूपांत शेवटचें ना हें अक्षर नाहींसें झालें आहे. १६७९ सालीं शिवाजी महाराजांनीं जालन्यावर स्वारी केली. तिची हकीकत मराठी साधनांत वाचणाऱ्यास जालनापूर हें जुनें नांवहि भेटतें. तेव्हां 'जालना' एवढेंच धरून मराठी मजकूर चाळणाऱ्यास बहुतेक ठिकाणीं 'नाहीं' असेंच उत्तर मिळेल, आणि तें उत्तर खोटें असेल. येथें स्वर बाजूस ठेवून ज, ल, न हीं व्यंजनें त्या क्रमानें धरणें हाच मार्ग. मग जालन्यास, जालनेकर, जालनापूर सारे सांपडतात. त्यांच्याबरोबर ज्वलन आणि जलपान हेहि येतात, पण ते खडे होत.

जुन्या कागदांच्या लिपींचा विचार केला तर आणखी भर पडते. मोडी लिपींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नाहींत. निजामी अमलांत राज्यकारभाराची भाषा उर्दू झाली. उर्दूंत जालना हें नांव जीम, अलिफ, लाम, नून आणि हे या पांच अक्षरांनीं लिहितात, आणि ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहीतच नाहींत. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. एका गांवाचे तीनशें वर्षांचे कागद असे मोडी, उर्दू, इंग्रजी आणि बाळबोध मराठी या चार वेषांत विखुरलेले असतात. चारहींत टिकून राहतात तीं व्यंजनें, आणि शोधाचा धागा त्यांनाच बांधावा लागतो.

मराठी मनाला ही गोष्ट अगदींच अपरिचित आहे असें मात्र नव्हे. गाण्याच्या भेंड्यांचा खेळ हेंच शिकवितो. पहिल्या पक्षाचें गाणें 'ना' वर संपलें, तर दुसरा पक्ष 'न' धरून 'नी' नें किंवा 'नु' नें आरंभ होणारें गाणें खुशाल म्हणतो, आणि कोणी तक्रार करीत नाहीं. स्वर सोडून व्यंजन धरण्याचा नियम लहान मुलें कोणी न शिकवितां पाळतात. गाणें 'ळ' वर संपलें म्हणजे 'ल' घ्यावा असा तोडहि तींच काढतात. कारण 'ळ' नें आरंभ होणारा मराठी शब्द सहसा मिळत नाहीं.

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब नांवाचें गांव आहे. समर्थ रामदासांचा जन्म तेथें १६०८ सालीं ठोसर घराण्यांत झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसें असावें, ओळी कशा साधाव्या, याचा इतका बारीक विचार जुन्या मराठींत दुसरीकडे क्वचितच आढळेल. समर्थांनीं शिवाजी महाराजांस एक पद्यमय पत्र पाठविलें, त्याच्या चरणांचीं आद्याक्षरें ओळीनें वाचीत गेल्यास विजापूरचा सरदार निघाल्याची सूचना मिळते, अशी आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर सांगतात. तिला समकालीन कागदाचा आधार दाखवितां येत नाहीं, म्हणून ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. परंतु अक्षरांत मजकूर लपविण्याची कला खरी आहे, आणि ती पश्चिमेकडेहि होती. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७६ सालीं आपल्या शोधाचीं केवळ चौदा अक्षरें वर्णक्रमानें छापून ठेवलीं आणि १६७८ सालीं त्यांतून लॅटिन वाक्य उलगडून दाखविलें : जसा ताण तसा जोर, हा स्प्रिंगचा नियम. शोधाचा मान आपला राहावा आणि गुपितहि फुटूं नये, अशी ती दुहेरी सोय होती.

समर्थसंप्रदायाचा तेरा अक्षरी राममंत्र सर्वांच्या कानांवर आहे. तो या दृष्टीनें मोजून पाहावा. अक्षरें तेरा, पण निरनिराळीं केवळ पांच : श्री एकदां, आणि रा, म, ज, य हीं प्रत्येकीं तीन वेळां. पुढें मोरोपंतांनीं, ज्यांचा काळ १७२९ ते १७९४, नाना प्रकारचीं रामायणें रचलीं. त्यांतील मंत्ररामायणांत हीं तेरा अक्षरें पद्यांतून क्रमानें गुंफलेलीं आहेत. येथें अट अशी कीं अमुक अक्षर आलेंच पाहिजे. त्यांच्या निरोष्ठरामायणाची अट याच्या नेमकी उलट : ओठांनीं उच्चारावयाचें अक्षर कोठेंहि येतां कामा नये. म हा वर्ण ओठांचा, म्हणून 'राम' हें नांवच वर्ज्य झालें. लक्ष्मण, भरत, हनुमान हींहि गेलीं. रामाचें नांव न घेतां रामकथा सांगावयाची, तर राघव म्हणावें कीं न म्हणावें हाहि प्रश्न उभा राहतो; कारण व ला दांतांबरोबर ओठहि लागतो. शब्दभांडार किती खोल असलें म्हणजे अशी चाळणी लावूनहि काव्य उरतें, हें यावरून कळेल.

महानुभाव पंथानें आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपून ठेवले होते. त्या लिपींत एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर येत असल्यानें, ज्याला किल्ली ठाऊक नाहीं त्याच्या दृष्टीनें ते ग्रंथ असून नसल्यासारखेच होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ती किल्ली शोधून काढली आणि मराठीच्या आद्य गद्याचें एक मोठें दालन अभ्यासकांस खुलें झालें. कोणतें अक्षर कोठें आणि किती वेळां येतें हें पाहणें, हा असल्या उलगड्याचा पाया असतो.

याच विद्येचा बाजारहि एकदां भरला होता. बक्षिसांच्या शब्दकोड्यांचें वेड या देशांतील सुशिक्षित कुटुंबांत शिरलें होतें. प्रवेशफी भरावी, चौकटी भराव्या, आणि शेंकड्यांनीं येणाऱ्या बक्षिसाची वाट पाहावी. त्यांत गोम अशी असे कीं एका चौकटींत दोन शब्द सारखेच बसत. 'सज्जनाला याची हांव नसते' अशी सूचना आणि शेवटचें अक्षर न दिलेलें. उत्तर 'मान' कीं 'दान'? अर्थानें दोन्ही जुळतात. बरोबर कोणतें, तें संपादकाच्या मोहोरबंद पाकिटांत. अशा ठिकाणीं भाषेचें ज्ञान संपतें आणि नशीब सुरू होतें. मुंबई सरकारनें १९४८ सालीं अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. १९५५ सालीं मध्यवर्ती कायदा होऊन महिन्याला १,००० रुपयांहून अधिक बक्षिसें देण्यास मनाई झाली. बंगलोरहून निघणाऱ्या एका पत्रांतील आर. एम. डी. सी. कोड्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ९ एप्रिल १९५७ रोजीं निकाल लागला. ज्या स्पर्धेंतील यश बऱ्याच अंशीं कौशल्यावर अवलंबून असतें ती जुगार नव्हे. जेथें तें अवलंबून नसतें ती जुगार होय, हा भेद त्या दिवशीं स्पष्टपणें मांडला गेला, आणि तीं कोडीं जुगाराच्या बाजूस पडलीं.

न्यायालयानें आंखलेली ती रेघ घरच्या कोड्यांसहि उपयोगी आहे. ज्या कोड्याचें उत्तर कोशांत पाहून बरोबर कीं चूक ठरवितां येतें, तें कोडें मुलांस घालावें. ज्याचें उत्तर घालणाऱ्याच्या मर्जींत असतें, तें घालूं नये. त्यासाठीं फार दूर जावयासहि नको. प्रत्येक कुटुंबानें आपल्या मूळ गांवाचें नांव घ्यावें. त्याची अक्षरें मुलाच्या हिशेबानें, व्याकरणाच्या हिशेबानें आणि यंत्राच्या हिशेबानें मोजावीं. गांवाहून, गांवास, गांवकर अशीं त्याचीं सारीं रूपें एका कागदावर लिहून काढावीं. इंग्रजांनीं तें कसकसें लिहिलें असेल तेंहि लिहावें, आणि या सर्व रूपांत कोणतीं अक्षरें समान राहतात त्यांखालीं रेघ ओढावी. पुढें कधीं वडिलार्जित जमिनीचा, जन्माचा अथवा नोकरीचा जुना कागद शोधण्याची वेळ आली आणि खिडकीपलीकडून 'नाहीं' असें उत्तर आलें, तर तो कागद पुढें करून पुन्हां एकदां पाहण्याची विनंति करतां येईल.